आईची गोळी, लालबागचं घड्याळ आणि २.८ इंचांचा पडदा



रेडिओवर बसून स्क्रीनबद्दल बोलायचं म्हणजे गंमतच आहे, कारण तुम्हाला दिसणार काहीच नाही. तरी आज बोलणार आहे, कारण गेल्या काही महिन्यांत दोन-तीन घरांतून एकच प्रश्न आला: "तुमच्या स्वयंपाकघरात ते छोटं काय लावलंय, आणि आमच्या आईसाठी करून द्याल का?" करून द्यायला मला वेळ नाही. पण कसं करायचं आणि मी कुठे कुठे आपटलो, ते सांगतो. घरात आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना बाजूला बसवा. निम्मं काम तीच करतील.

आधी हे का करावं लागलं ते सांगतो. बाबा गेल्यावर आई लालबागहून आमच्याकडे शारजाला आली. येताना मनगटावरचं घड्याळ तिने भारतीय वेळेवरच ठेवलं. मावशीला फोन कधी करायचा, तिकडे आरती कधी, मालिका कधी, सगळं त्या घड्याळावर. इथली वेळ तिकडच्यापेक्षा दीड तास मागे. भिंतीवरचं घड्याळ साडेसात म्हणतं तेव्हा आईचं मनगट नऊ म्हणतं. त्यात आमच्या घरात वारांचाही घोळ. २०२२ च्या जानेवारीपासून इथली सुट्टी बदलली. माझं ऑफिस दुबईत, तिथे शुक्रवारी अर्धा दिवस. मुलाची शाळा शारजात, तिथे शुक्रवारपासूनच सुट्टी. आई म्हणायची, "तुमच्या घरात रविवार नक्की कधी असतो रे?"

हसण्यावारी नेलं. मग एका रात्री तिने रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली. एकदा मनगटावरच्या नऊला आणि एकदा भिंतीवरच्या नऊला. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलं, आम्ही आळीपाळीने जागलो, सकाळी सगळं ठीक होतं. पण त्या रात्री मी ठरवलं की हिला एकच जागा हवी, जिथे बघितलं की कळेल: आज वार कोणता, इथे किती वाजले, तिकडे किती वाजले, आणि गोळी घेतली की नाही.

मोबाइलवर अलार्म लावून दिले असते, असं तुम्ही म्हणाल. लावले होते. आई अलार्म वाजला की तो बंद करायची आणि मग आठवायची, आपण बंद केला तो अलार्म होता की फोन. वर सगळं इंग्रजीत. बेस्टच्या बसचा पुढचा मराठी आकडा वाचून चाळीस वर्षं प्रवास केलेली बाई ती. तिला इंग्रजी आकडे येत नाहीत असं नाही, पण मराठी आकडा ती बघते आणि इंग्रजी आकडा ती वाचते. फरक तेवढाच, आणि सकाळी चष्मा नसताना तेवढा पुरतो.

तर सामान. बर दुबईच्या खालिद बिन अल वलीद रस्त्यावर संगणकाची दुकानं आहेत, ते तुम्हाला माहीत असेलच. बोर्ड मी घेतला रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू. बिस्किटाएवढा लिनक्स संगणक, आत वायफाय. रास्पबेरी पाय पहिल्यांदा विकायला आला २९ फेब्रुवारी २०१२ ला, आणि तेव्हापासून त्याच्यावर इतक्या लोकांनी इतकं काही केलंय की तुमची अडचण आधी कुणाला तरी आलेली असतेच. झीरो घेताना पिना आधीच बसवलेला घ्या. नाहीतर ४० पिना सोल्डर करत बसावं लागेल.

स्क्रीन मात्र मी आधी चुकीची घेतली, आणि ती चूक सांगण्यासारखी आहे. मी घेतली १६ बाय २ वाली. निळ्या प्रकाशावर पांढरी अक्षरं, १६ अक्षरांच्या दोन ओळी. फोटोकॉपी मशीनवर, जुन्या लिफ्टमध्ये, कॉफीच्या यंत्रावर तुम्ही ती शंभरदा पाहिली असेल. तिच्या मागे हिताची कंपनीची एचडी ४४७८० ही चिप असते, किंवा तिची नक्कल. १९८० च्या दशकातली चिप, अजून चालते, स्वस्त आणि धट्टीकट्टी. मागे एक छोटी पट्टी चिकटवलेली घेतली की फक्त चार तारा जोडायच्या: पॉवर, ग्राउंड, आणि आय-टू-सी नावाच्या पद्धतीच्या दोन तारा, ज्या पायच्या ३ आणि ५ नंबरच्या पिनांवर जातात.

जोडली, आणि पडदा निळा. नुसता निळा. इथे शंभरातले नव्वद लोक स्क्रीन परत करायला दुकानात जातात. जाऊ नका. मागच्या पट्टीवर एक छोटा निळा चौकोन असतो, त्यात फुलीसारखी खाच. बारीक स्क्रू ड्रायव्हरने ती हळूहळू फिरवा. तो कॉन्ट्रास्ट आहे. फिरवता फिरवता पहिल्या ओळीत ठोकळे दिसायला लागले तर आनंद माना: पडद्याला वीज मिळतेय, पण त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. मग पायच्या सेटिंगमध्ये आय-टू-सी चालू करायचं आणि आय-टू-सी-डिटेक्ट ही आज्ञा द्यायची. ती एक तक्ता दाखवते, आणि त्यात पडद्याचा पत्ता दिसतो. तो बहुतेक वेळा २७ असतो, कधी ३एफ. आंतरजालावरून उचललेल्या प्रोग्रॅममध्ये एक पत्ता असतो, तुमच्या पडद्याचा दुसरा असतो, आणि माणूस दोन दिवस डोकं धरून बसतो. तक्त्यात काहीच दिसलं नाही तर दोन तारा उलट लागल्यात. माझ्या लागल्या होत्या. मुलाने दाखवल्या.

एक धोका मात्र आवर्जून सांगतो. ही स्क्रीन ५ व्होल्टवर नीट दिसते, पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. मागची पट्टी आपल्या दोन्ही तारा ५ व्होल्टकडे ओढून धरते. चालतं, बऱ्याच लोकांचं वर्षानुवर्षं चालतं, पण बोर्डाच्या पिनांना ते सोसायला सांगितलेलं नाही. मध्ये लेव्हल शिफ्टर नावाचा छोटा तुकडा लावायचा. काही दिरहमांचा असतो. तो वाचवून बोर्ड जाळू नका.

असो. चाललं सगळं. मग मी त्यावर मराठी आणायला गेलो.

त्या चिपच्या पोटात इंग्रजी अक्षरं आहेत, आणि बाजारात सर्रास मिळणाऱ्या प्रकारात जपानी कताकानासुद्धा आहे. जपानी कंपनी, तिने आपल्या माणसांची सोय आधी केली. आपली लिपी नाही. स्वतःची अक्षरं बनवायला जागा आहे, पण ती फक्त ८ अक्षरांना, आणि प्रत्येक अक्षर ५ बाय ८ ठिपक्यांचं. मी आणि मुलगा चौकटीचा कागद घेऊन बसलो. ‘गो’ आणि ‘ळी’ एवढं बसवलं. मोठी अडचण वेगळीच निघाली: या पडद्यावर प्रत्येक अक्षराच्या चौकटीच्या मध्ये एक रिकामी फट असते. काचेतच असते, प्रोग्रॅमने ती बुजत नाही. म्हणजे शिरोरेषा कधीच जुळत नाही. आईला बोलावून दाखवलं. ती जवळ गेली, लांब गेली, आणि म्हणाली, "मुंग्या लागल्यात का रे याला?"

मला एमबीएला दोन वर्षं शिकवलं होतं की वस्तू बनवण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा. मी ते पगार देणाऱ्या क्लायंटांना रोज सांगतो.

मग आणली रंगीत स्क्रीन. २.८ इंच, २४० बाय ३२० ठिपके, आत आयएलआय ९३४१ ही चिप. ती एसपीआय पद्धतीने जोडली जाते, तारा जरा जास्त: डेटा १९ नंबरच्या पिनेवर, घड्याळी ठोका २३ वर, निवडीची तार २४ वर, आणि आणखी दोन, डीसी आणि रीसेट. त्या मी २२ आणि १८ वर लावल्या. डीसीची तार महत्त्वाची, कारण आता येतंय ते हुकूम आहे की चित्र, हे पडद्याला तिच्यावरून कळतं. ती सुटली तर पडदा पांढराफटक राहतो. या जातीच्या पडद्याचं नव्वद टक्के दुखणं म्हणजे हा पांढरा पडदा. पांढरा याचा अर्थ मागचा दिवा लागलाय, बस्स. बाकी संभाषण सुरूच झालेलं नाही. डीसी बघा, रीसेट बघा, सेटिंगमध्ये एसपीआय चालू केलंय का बघा, आणि प्रोग्रॅममध्ये तुमच्याच चिपचं नाव आहे का बघा. सारख्या दिसणाऱ्या दोन स्क्रीनमध्ये वेगळ्या चिपा निघतात.

इथे दोन रस्ते फुटतात. एक असा की लिनक्सच्या कर्नेललाच ही स्क्रीन ओळखायला लावायची, म्हणजे ती मॉनिटरसारखी वागते. नॉर्वेच्या नोराल्फ त्रोन्नेस यांनी अशा लहान पडद्यांसाठी एफबीटीएफटी नावाचे ड्रायव्हर लिहिले, ते २०१५ साली लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये आले, आणि जुने बहुतेक धडे त्यावरच आहेत. आता त्यांची जागा नवीन पद्धतीचे ड्रायव्हर घेतायत. म्हणून जुना धडा शब्दशः पाळला तरी काही होत नाही, आणि आपण स्वतःला मूर्ख समजतो. एक साधं उदाहरण. बोर्डाची कॉन्फिग फाइल आधी बूट फोल्डरमध्ये असायची. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ती बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली. जुन्या जागी कितीही लिहा, बोर्ड तिकडे बघतच नाही. आणि विक्रेत्याने दिलेली ‘हे एकदा चालवा की झालं’ वाली फाइल डोळे मिटून चालवू नका. त्यातल्या काही फाइली अख्खं कर्नेल बदलून टाकतात.

दुसरा रस्ता साधा: कर्नेलला झोपू द्या. पायथनमध्ये आधी एक चित्र तयार करायचं, त्यावर अक्षरं काढायची, आणि ते चित्र एसपीआयवरून सरळ पडद्याला पाठवायचं. २४० गुणिले ३२० ठिपके, प्रत्येकाला २ बाइट, म्हणजे एक चित्र १,५३,६०० बाइटांचं. एसपीआय ३२ मेगाहर्ट्झवर चालवलं तर एका चित्राला साधारण ४० मिलिसेकंद. सिनेमा बघायचा नाहीये, घड्याळ आहे, मिनिटाला एकदा बदलणार. मी हाच रस्ता घेतला आणि तुम्हालाही हाच सांगेन. चित्रात तांबडं निळं दिसलं आणि निळं तांबडं, तर घाबरू नका, रंगांचा क्रम उलटा आहे, प्रोग्रॅममध्ये एका जागी बदलतो. आमच्या गणपतीचं जास्वंद एक संध्याकाळ निळं होतं.

सोमवारी रात्री हे जमलं. वर मोठ्या अक्षरात ‘सोमवार’, खाली शारजाची वेळ, त्याखाली लालबागची वेळ, तळाला गोळी. आई खूश. मंगळवार आला, बुधवार आला, सगळं उत्तम. मी ऑफिसात दोघांना फोटो दाखवले.

शुक्रवारी ‘शुक्रवार’मधला क्र तुटला. क पाय मोडून एकीकडे, र दुसरीकडे. शनिवारी इकार न च्या आधी यायचा तो न च्या नंतर आला आणि पुढच्या व ला जाऊन बिलगला. रविवारी तेच: र, मग व, मग दुसऱ्या व च्या आधी इकार. आईने वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आता यात काय एवढं, असं वाटेल. पण आईची ड जीवनसत्त्वाची गोळी आठवड्यातून एकदाच असते, आणि ती असते रविवारी. नेमका जो वार वाचता यायला हवा तोच मोडलेला.

हे का होतं, ते सांगतो, कारण ते आपल्या लिपीचं आहे आणि आपल्यालाच माहीत नसतं. संगणकात ‘शनिवार’ ज्या क्रमाने आपण उच्चारतो त्या क्रमाने साठवला जातो: श, न, मग इकार, मग व. दिसताना मात्र इकार न च्या डावीकडे जायला हवा. ही अदलाबदल कुणीतरी करावी लागते. सोमवार, मंगळवार, बुधवार या नावांत ना इकार ना जोडाक्षर, म्हणून माझं पितळ तीन दिवस उघडं पडलं नाही. उच्चाराच्या क्रमाने साठवायची ही पद्धत आपल्याच देशातली. इस्की नावाचं भारतीय मानक १९८८ साली आलं, आणि युनिकोडची देवनागरी त्याच्यावर बेतलेली आहे. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल, त्या काळी संगणकावर मराठी दिसायला आत एक वेगळं कार्डच बसवावं लागायचं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ते काम सी-डॅकमध्ये वाढलं. अक्षरं जुळवायची बुद्धी त्या कार्डात होती. आता तीच बुद्धी हार्फबझ नावाच्या एका लायब्ररीत असते. तुमच्या फोनवर, ब्राउझरमध्ये ती गुपचूप काम करते. माझ्या बिस्किटाएवढ्या बोर्डावर ती कुणी बोलावलीच नव्हती.

तर उपाय. पायथनमध्ये चित्र काढणारी पिलो नावाची लायब्ररी आहे. तिला अक्षरं मांडायचे दोन मार्ग येतात, एक साधा आणि एक राक्म नावाचा. राक्म आतून हार्फबझला विचारतो. तो बोर्डावर नसेल तर पिलो तक्रार न करता साध्या मार्गाने जाते आणि तुमचा शनिवार मोडते. राक्म वेगळा बसवून घ्या, आणि पिलोला विचारून खात्री करा की तो तिला सापडलाय. मग परीक्षा घ्या, सोमवारची वाट न बघता. ‘शनिवार’, ‘शुक्रवार’, ‘रात्रीच्या गोळ्या’ हे तीन शब्द पडद्यावर आणा. तिन्ही नीट दिसले तर बाकीचं दिसेल. फाँट मी मुक्त घेतला, मुंबईच्या एक टाइपने बनवलेला, फुकट वापरता येतो आणि जाड वळणात लांबून छान दिसतो. मराठी आकडे मात्र आपोआप येत नाहीत. वेळ काढल्यावर ० ते ९ बदलून घ्यायची एक ओळ लिहावी लागते.

दोन वेळा दाखवणं सोपं निघालं. लिनक्सला ‘आशिया दुबई’ आणि ‘आशिया कोलकाता’ ही दोन नावं माहीत आहेत, आणि दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करायची भानगड नाही. लंडन किंवा न्यू जर्सीहून ऐकणाऱ्यांनी स्वतः साडेचार किंवा साडेनऊ तास मिळवू नयेत, ही नावंच वापरावीत. मार्चमध्ये आभार मानाल.

पडदा लावायची जागा. मी तो फ्रिजच्या बाजूला माझ्या डोळ्यांच्या उंचीवर लावला. आई माझ्यापेक्षा फूटभर बुटकी. तिला खालून काळ्याचं राखाडी आणि राखाडीचं पांढरं दिसत होतं. स्वस्त पडदे एका बाजूने बघितले की असे उलटे दिसतात, आणि दुसऱ्या बाजूने ठीक. पडदा उलटा करून लावला, चित्रही प्रोग्रॅममध्ये उलटं केलं, काम झालं. खिडकीचं ऊन येत असेल तिथेही लावू नका. इथल्या उन्हात यातलं काही दिसत नाही. उन्हात वाचता येणारा पडदा बनवणं हे मोठं काम आहे. २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात गावच्या शाळेत मुलांना एक्सओ नावाचे छोटे हिरवे लॅपटॉप दिले होते, लिनक्सवर चालणारे. त्यांचा साडेसात इंची पडदा मेरी लू जेप्सेन यांनी मुद्दाम असा केला होता की दिवा बंद केला तरी उन्हात काळ्या-पांढऱ्यात वाचता यावं. तसा पडदा मला बाजारात मिळाला नाही. मी खिडकीला पडदा लावला.

आता मुख्य गोष्ट. नुसतं ‘गोळी घ्या’ दाखवून काही होत नाही, कारण आईचा प्रश्न ‘घ्यायची का’ हा नव्हताच, ‘घेतली का’ हा होता. म्हणून एक बटण. मोठं, हिरवं, गेम खेळायच्या यंत्रावर असतं तसं. एक तार ११ नंबरच्या पिनेवर, दुसरी ग्राउंडला. आईने गोळी घेतली की दाबायचं, आणि पडद्यावर येतं: ‘सकाळची घेतली, ८:१०’. ही नोंद कार्डावर लिहून ठेवायची, नाहीतर वीज गेली की विसरली. आणि एकदा दाबलेलं बटण पुढच्या गोळीच्या वेळेपर्यंत पुन्हा मोजायचं नाही. बटण दाबताना आतला पत्रा थरथरतो आणि एका दाबाचे चार दाब होतात. पायथनच्या जीपीआयओ-झीरोमध्ये त्यावर उपाय तयार आहे, पण तो सांगावा लागतो.

आणि मग जे झालं ते. आमच्या इमारतीत दुरुस्तीसाठी सकाळी वीज बंद केली होती. दुपारी आली. बोर्ड चालू झाला, राउटर काही चालू झाला नाही. या बोर्डात स्वतःचं घड्याळ नसतं. बॅटरी नाही, काही नाही. चालू झाल्यावर तो इंटरनेटला वेळ विचारतो, आणि इंटरनेट नसेल तर बंद होण्याआधी शेवटची जी वेळ लिहून ठेवली होती तिथून पुढे मोजायला लागतो. मी ऑफिसात. पडद्यावर दुपारी दोनला सकाळचे आठ, आणि खाली स्वच्छ, सुरेख, न मोडलेल्या मराठीत: ‘सकाळची गोळी बाकी’. बटण तिने वीज गेल्यावर दाबलं होतं, म्हणजे नोंद झालीच नव्हती.

पहिल्या रात्री जे झालं तेच मी माझ्या हाताने पुन्हा घडवायची तयारी करून ठेवली होती.

आईने गोळी घेतली नाही. तिने खिडकीतून खाली बघितलं, समोरच्या मशिदीची सावली बघितली, आणि मला फोन केला: "तुझं हे खोटं बोलतंय."

त्या आठवड्यात दोन गोष्टी बसवल्या. एक, डीएस ३२३१ नावाचं घड्याळाचं मॉड्यूल, बटणासारख्या गोल सेलवर चालणारं. तेही आय-टू-सीचंच, ३ आणि ५ नंबरच्या पिनांवर लागतं, ३.३ व्होल्टवर चालतं. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घातली की वीज असो नसो, वेळ राहते. चार्ज होणाऱ्या सेलसाठी बनवलेली काही मॉड्यूल येतात, त्यांत साधा सेल घालू नका, दुकानदाराला विचारून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि त्याला एक दिरहमही लागला नाही. प्रोग्रॅम सुरू होताना आधी तपासतो की वेळ खात्रीची आहे का, इंटरनेटवरून किंवा त्या मॉड्यूलमधून आलेली आहे का. नसेल तर पडदा वेळ दाखवतच नाही, गोळीही दाखवत नाही. पिवळ्या पट्टीवर एवढंच येतं: ‘मला वेळ माहीत नाही. भिंतीवरचं घड्याळ बघा, गोळीसाठी फोन करा.’ आणि वीज गेलेल्या काळातली गोळी असेल तर तिच्यापुढे ‘बाकी’ असं न लिहिता ‘नोंद नाही’ असं लिहितो. आईनेच सुचवलं ते. ती म्हणाली, बाकी म्हणजे मी घेतली नाही असं झालं, ते त्याला कुठे ठाऊक आहे?

तुम्ही करणार असाल तर हा भाग सगळ्यात आधी करा, रंग आणि फाँट नंतर. आणि गोळ्यांच्या वेळा तुमच्या मनाने घालू नका, डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद समोर ठेवून घाला. आमच्याकडे अजून गोळ्यांचा डबाही आहे, सात कप्प्यांचा, आणि दर शनिवारी मी तो भरतो. पडदा डब्याच्या शेजारी आहे, डब्याऐवजी नाही.

आईच्या मनगटावरचं घड्याळ अजून लालबागच्याच वेळेवर आहे. ते बदल असं आम्ही सांगणं सोडलं. सध्या तिची नवी मागणी आलीय. पडद्याच्या शेजारी कालनिर्णय टांगलंय, त्यात संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा तिकडच्या गावांच्या. गेल्या संकष्टीला ती ताट घेऊन गॅलरीत उभी राहिली आणि चंद्र काही वेळेवर आला नाही. शारजाचा चंद्रोदय गणिताने काढता येतो, पायथनमध्ये त्याच्या लायब्ऱ्या आहेत. मुलाला लावलंय कामाला. पुढची संकष्टी यायच्या आत व्हायला हवं, असं त्याला आजीने बजावून ठेवलंय.